सतरा नंबरची लादी

कुणाची ख्याती गळ्याची असते, कुणाची हाताची, कुणाची नुसत्या जिभेची. आनंदा भोपीची ख्याती तळपायांची होती, आणि पळस्पे फाट्याच्या आसपास रस्त्याच्या कामावर असलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक होती. चोपन्न वर्षांचा, काटकुळा, रापलेला हा माणूस कामावर आला की आधी चपला काढून बाजूला ठेवायचा आणि मगच कुणाशी बोलायचा. कंपनीने त्याला बूट दिले होते. ते त्याने घरी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते, लग्नाकार्याला घालायला. सेफ्टीचा माणूस दिसला की आनंदा घाईघाईने चपला चढवायचा, आणि तो पुढे गेला की पुन्हा मोकळा.

हे पाय घडले मिठागरात. त्याचा बाप, आजा, सगळे खाडीकाठच्या मिठागरांत राबले. मिठाच्या वाफ्याचा तळ सपाट लागतो. कुठे नखभर उंचसखल राहिलं तर पाणी एका कोपऱ्यात साचतं, दुसरा कोपरा कोरडा पडतो आणि मीठ धड धरत नाही. म्हणून चिखल पायांनी तुडवायचा, चोपायचा, पुन्हा तुडवायचा. आनंदा सातव्या वर्षापासून तुडवत होता. विसाव्या वर्षापर्यंत त्याची अशी तयारी झाली की वाफ्यातून एकदा चालत गेला की सांगायचा, "हितं खाली हाय, तितं जरा चढ हाय." बाप दोरी लावून बघायचा आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचा.

पुढे मिठागरं गेली. तिथे भराव पडला, गोदामं उभी राहिली, आणि ज्या वाफ्यांत आनंदाचे पाय घडले त्यांच्यावरून फोर्कलिफ्ट फिरू लागल्या. आनंदाने काही वर्षं वॉचमनकी केली. पण दिवसभर खुर्चीत बसून राहणं त्याच्या पायांना मानवेना. शेवटी बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याची दुरुस्ती करणाऱ्या कंपनीत तो मजूर म्हणून लागला.

हा रस्ता म्हणजे एक कायमचं दुखणं. पळस्प्याहून उरणच्या दिशेने कंटेनरची रांग लागते ती तुटतच नाही. काँक्रीट फुटलं तरी रस्ता बंद ठेवायची सोय नाही, कारण नवं काँक्रीट ओतलं की ते आवळायला आठवडे लागतात आणि तेवढे दिवस बंदर काही थांबत नाही. म्हणून इथे काँक्रीटच्या तयार लाद्या बसवायचं काम निघालं. कागदोपत्री त्यांना पॅनल म्हणत. आनंदाच्या गावच्या बायकांनी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगो बया, केवडी ही लादी!" तेव्हापासून सगळे लादीच म्हणू लागले. घरी सगळा स्वयंपाक करून न्यायचा आणि तिथे गेल्यावर फक्त पानात वाढायचं, तसला हा कारभार. लादी दूर यार्डात ओतायची, महिनाभर पाणी मारून पक्की करायची. मग वाहतूक पोलिसांकडून रविवारचे सकाळचे सात-आठ तास मागून घ्यायचे, फुटलेला तुकडा कटरने कापून उचलायचा, खालची जागा सपाट करायची, क्रेनने नऊ टनांची लादी अल्लद सोडायची, भोकांतून सिमेंटचा पातळ घोळ आत दाबायचा, आणि दुपारी गाड्या सोडून द्यायच्या. सगळी मेख खालच्या जागेत. ती सपाट नसली तर लादी डुगडुगते, आणि डुगडुगणारी लादी कंटेनरखाली महिनाभरही टिकत नाही.

आनंदाचे पाय किती मोलाचे आहेत हे ओळखलं ऋचाने. ऋचा म्हणजे साइटवरची इंजिनिअर, सव्वीस वर्षांची, राहायला नवीन पनवेलात आईजवळ. पहिलीच नोकरी. तिच्याकडे लेव्हलचं मशीन होतं, तिवई होती, आकडे लिहायची वही होती. पहिल्या महिन्यात एके दिवशी तिने जागा तपासली, सगळे आकडे जमले, आणि ती लादी सोडायला सांगणार इतक्यात मागून आवाज आला, "मॅडम, त्या कोपऱ्यात जरा दबतंय." बाकीचे हसले. ऋचा हसली नाही. तिने त्या कोपऱ्यात पुन्हा मशीन लावलं. आकडा बरोबरच आला. मग तिने पहार मागवली आणि तिथे ठोकून पाहिलं, तर वरचा थर सपाट आणि खाली पोकळ. जुनी कसली तरी पाइप कुजून गेली होती.

त्या दिवसापासून आनंदाचं फावडं सुटलं. ऋचा त्याला काका म्हणू लागली, आणि दर रविवारी एक नवाच विधी सुरू झाला. आधी मशीन, मग काका. काका अनवाणी त्या सपाट केलेल्या चौकोनातून उभा-आडवा चालायचा, डोळे अर्धे मिटलेले, हात मागे बांधलेले. ऋचा काठावर उभी राहून विचारायची, "काय म्हणतायत पाय?" तो म्हणायचा, "बराबर हाय." की ही तपासणीच्या कागदावर सही करायची. सोळा लाद्या अशा बसल्या. सोळांतली एकही हलली नाही. आनंदा घरी बायकोला सांगायचा, "मशीन लाखाचा हाय, तरी ती माजे पाय इचारते." बायको, म्हणजे मालू, म्हणायची, "मंग पाय धुवून तरी घरात या." पण तिलाही आतून बरं वाटायचं.

सतरा नंबरची लादी आनंदाच्याच गावाच्या वळणावर होती.

आता ह्या वळणाबद्दल सांगायला हवं. पूर्वी इथे गावची वेस होती आणि वेशीवर बापदेवाचा शेंदूर लावलेला धोंडा होता. रस्ता पहिल्यांदा रुंद झाला तेव्हा तो धोंडा वाजतगाजत टेम्पोत घालून शाळेजवळच्या नव्या देवळात नेला. टाइल्सचं देऊळ, वर पंखा, पुढे जाळी. पण गावाचं म्हणणं असं की नुसता धोंडा गेला. बापदेव काही टेम्पोत बसून जाणाऱ्यातला नाही, तो तिथेच आहे, आणि त्याच्या डोक्यावरून कंटेनर जातात म्हणून त्या वळणावर माणसं पडतात. माणसं पडत होती हे खरं. रस्ता फुटलेला होता हेही खरं. दोन वर्षांपूर्वी आनंदाचा मुलगा भावेश तिथेच पडला. द्रोणागिरीच्या गोदामात कामाला जाताना खड्डा चुकवायला गेला आणि मोटरसायकल घसरली. मांडीत सळी घातली. आता तो पुन्हा त्याच मोटरसायकलवर त्याच रस्त्याने जातो, पण चालताना पाय ओढतो, आणि मालू रोज तो घरी येईस्तोवर दारात बसते.

शनिवारी संध्याकाळी मालूने नारळ आणला. चांगला, शेंडीचा. तो तिने डब्याच्या पिशवीत ठेवला, सोबत हळदीकुंकवाची पुडी.

"हा काय?" आनंदाने विचारलं.

"घराचा पाया घालताना ठेवतात का नाय? मंग हितं नको? तुमच्याच हातानं होतंय सगला. ईशान्येला ठेवा. बापदेवाला सांगा, आमचे पोराला सांभाल."

आनंदाला ह्यात वावगं काही दिसलं नाही. दिसणार तरी कसं? त्याच्या सगळ्या आयुष्यात एकही पाया नारळाशिवाय भरला गेला नव्हता. वाफ्याच्या बांधातसुद्धा त्याचा बाप पहिला नारळ पुरायचा. मोठमोठ्या पुलांच्या पायात साहेबलोक स्वतः नारळ वाढवतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. सोळा लाद्यांखाली काही ठेवलं नव्हतं ते इतरांच्या गावचं. हे त्याच्या गावचं होतं.

रविवारी सकाळी जुना तुकडा उचलला तर खालचा थरही चिरफाळलेला निघाला. तो काढला, तिथे खडी-सिमेंटचा नवा भराव टाकला, रोलर फिरवला. ऋचाने मशीन लावलं, आकडे लिहिले, आणि क्रेनचा ड्रायव्हर हाका मारू लागला म्हणून ती तिकडे गेली. बाकीचे चहाला. आनंदाने दिशा पाहिली. ईशान्येचा कोपरा. भराव अजून ओला होता. त्याने हाताने वीतभर खड्डा केला, कुंकू लावलेला नारळ आत ठेवला, मनातल्या मनात म्हणाला, "बापदेवा, रागवू नको, पोरांना जाव दे," वर भराव लोटला आणि पायांनी चोपून सपाट केला. सपाट करण्यात त्याच्या पायांचा हात कोण धरणार? वरून ओळखायला येत नव्हतं.

ऋचा परत आली. "चला काका, काय म्हणतायत पाय?"

तो चालला. उभा चालला, आडवा चालला. आणि ईशान्येच्या कोपऱ्यात आला तेव्हा पायांनी सांगितलं. अगदी स्पष्ट सांगितलं. खाली गोल काहीतरी आहे, आजूबाजूची जमीन त्याला धरून नाही, वजन आलं की हे बसणार. इतर कुठल्याही रविवारी तो थांबला असता. आज त्याने पायांना गप्प बसवलं. देवाचा नारळ, तो काय कुणाचं वाईट करणार?

"बराबर हाय."

"नक्की ना? आज जरा जास्त वेळ लावलात."

"बराबर हाय, मॅडम."

ऋचाने सही केली. दुपारी एक वाजता पहिला कंटेनर सतरा नंबरवरून गेला आणि लादी हलली नाही. मालूने संध्याकाळी गोड केलं.

तीन आठवडे सगळं ठीक चाललं. मग एके दिवशी अंगणात दाढी करताना आनंदाला आवाज आला. ठक. थोड्या वेळाने पुन्हा ठक. वळण त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. प्रत्येक जड गाडी गेली की ठक. तोंडाला साबण तसाच ठेवून तो उभा राहिला. दुसऱ्या कुणाला कळायला वेळ लागला असता. त्याला तेव्हाच कळलं की नारळ फुटला, कोपरा खाली आला, आणि आता ही लादी प्रत्येक चाकासरशी डोकं आपटून घेणार. आठ दिवसांत ईशान्येच्या कोपऱ्याला भेग गेली. पंधराव्या दिवशी कोपऱ्याचा तुकडा सुटला. एक स्कूटरवाली बाई पडली. फारसं लागलं नाही, पण कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो पनवेलभर फिरला.

मग चौकशी. प्रोजेक्टचे मोठे साहेब इंद्रजीत स्वतः आले. पन्नाशीचा, शांत, पोटाच्या तक्रारीने कायम वैतागलेला माणूस. त्यांच्यासोबत बाहेरचे तज्ज्ञ. तज्ज्ञांनी लादीवर हातोडी वाजवली, फोटो काढले आणि सांगितलं की लादी उत्तम आहे, खालची जागा नीट तपासलेली नाही. तपासणीच्या कागदावर एकच सही होती. पायांना काही सही करता येत नाही.

ऋचाने तिचे आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. मशीन पनवेलला नेऊन तपासून आणलं. यार्डात लादीचा साचा मोजला. तिचं जेवणाकडे लक्ष नव्हतं, डोळे सुजलेले दिसायचे. एके दुपारी ती आनंदाजवळ येऊन बसली, तिथेच, सिमेंटच्या गोणीवर.

"काका, खरं सांगा. त्या दिवशी ईशान्येच्या कोपऱ्यात तुमच्या पायाला काही लागलं होतं का? अगदी थोडंसं, शंका आल्यासारखं? मी रागवणार नाही. मला फक्त कळायला हवं."

सांगायला हवं होतं. हे तुम्हाआम्हाला बसल्या जागी सुचतं. आनंदाच्या जिभेवर ते आलं होतं. पण सकाळीच मालूने त्याला शपथ घातली होती: देवाला दिलेली वस्तू बोलून दाखवायची नसते, बोललं की फळ जातं, आणि फळ म्हणजे भावेश. त्यातून ही पोरगी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत होती, तसं त्याच्याकडे कुणीही, सख्ख्या मुलानेही, कधी पाहिलं नव्हतं. ती नजर हातची घालवायची त्याला भीती वाटली.

"नाय," तो म्हणाला. "काय नाय लागला."

ऋचाने मान हलवली, "ठीक आहे काका," म्हणाली आणि उठून गेली.

त्यानंतरचे पाच दिवस आनंदाने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. घरात बसलं की ठक. जेवताना ठक. मालू म्हणायची, "बगा, बापदेव जागा झाला, आता सांभालील." गावातल्या दोन म्हाताऱ्या वळणावर फूल ठेवून आल्या. आनंदाला संताप यायचा, बायकोचा, म्हाताऱ्यांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. सहाव्या दिवशी तो मालूला म्हणाला, "देवाला पोर पायजे तर त्यो माजं घेईल, दुसऱ्याची पोर कशाला घेतो?" मालूने तोंडाला पदर लावला. तो उठला आणि तडक इंद्रजीतसाहेबांच्या ऑफिसात गेला.

ऑफिस म्हणजे यार्डातला पत्र्याचा कंटेनर, आत एसी. आनंदा दारात चपला काढून उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं, नारळापासून कुंकवापर्यंत. इंद्रजीतसाहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग त्यांनी त्याला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"आनंदा, तुम्ही खरं बोलताय असं मला वाटतं," ते म्हणाले. "पण मी ह्याचं करू काय? ऋचाने गेल्या आठवड्यातच लिहून दिलं. चूक माझी, म्हणून. स्वतःच्या हाताने. वर पाठवलंही."

"तिची चूक नाय. माजी हाय. माजा लिवून घ्या."

"काय लिहू? सरकारी रस्त्याखाली नारळ निघाला? सगळे हसतील. बरं, हसले तर हसले. पण तुमच्या गावाला कळलं की इथे बापदेव आहे आणि कंपनीच्या माणसानेच पूजा केली, तर उद्या लोक रस्त्यावर बसतील, देवाची जागा सोडा म्हणतील. मग पुढच्या चाळीस लाद्या राहिल्या. इंजिनिअरची चूक झाली की इंजिनिअर बदलतो, काम चालू राहतं. देव मध्ये आला की मला काहीच बदलता येत नाही."

"मंग लादी काडून बगा. खाली हाय नारल."

"रस्ता बंद करायची पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे."

साहेब वाईट माणूस असता तर निदान भांडता आलं असतं. ते उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही कामावर या. तुमच्यासारखे पाय मला कुठे मिळणार?" आनंदा दारातल्या चपला उचलून बाहेर पडला.

तो साइटवर धावत गेला तेव्हा कळलं, ऋचा आदल्या दिवशीच सामान घेऊन गेली. आनंदाने तिचा नंबर भावेशच्या फोनमध्ये घालून ठेवला होता. लावला. कंपनीचं सिम, ते परत केलेलं. नंबर बंद होता. तिच्या जागी अविनाश नावाचा दुसरा इंजिनिअर आला. तो बरा होता, पण पायांबियांवर त्याचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आता आनंदाचाही नव्हता. त्याने स्वतःहून फावडं मागून घेतलं.

दोन महिने लादी ठकठकत राहिली. कोपऱ्यावर डांबर ओतून, लोखंडी प्लेट टाकून दिवस ढकलले. भावेश रोज त्यावरून जात होता आणि आनंदा आता मालूच्या शेजारी दारात बसू लागला होता.

ठरलेल्या रविवारी लादी उचलली. क्रेनने ती वर घेतली, बाजूला झुलवली, आणि खाली चौकोन उघडा पडला. ईशान्येच्या कोपऱ्यात वाटीएवढा खळगा आणि त्यात चेंगरलेली करवंटी, काळी पडलेली शेंडी, खोबऱ्याचा कुजका चोथा. कटरवाला दीपेश म्हणाला, "अरे, हा तर नारळ!" सगळे जमले. अविनाश वाकून पाहू लागला. इंद्रजीतसाहेब मागून आले, त्यांनीही पाहिलं, आणि मग त्यांची आणि आनंदाची नजरानजर झाली.

"आता तरी लिवा, सायेब," आनंदा म्हणाला.

"फाइल बंद झाली, आनंदा. मी कुणाला लिहू?" त्यांचा आवाज खरोखरच उतरलेला होता. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. रस्ता उघडायला साडेतीन तास उरले होते. "साफ करा. भराव टाका."

आनंदाने करवंटीचे तुकडे आणि शेंडी गोळा केली, डब्याच्या पिशवीत भरली, फावडं दीपेशच्या हातात दिलं आणि कुणाला न विचारता निघाला. पळस्प्याहून रिक्षा करून तो नवीन पनवेलला गेला. पत्ता त्याने अविनाशकडून आधीच मिळवून ठेवला होता, पण रिकाम्या हाताने जायचा धीर झाला नव्हता. तिसरा मजला, दारावर रांगोळीचं स्टिकर. ऋचाच्या आईने, नीताबाईंनी, दार उघडलं.

"मी आनंदा. साइटवरचा."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "आनंदाकाका? अहो, या ना! ती घरी सारखी तुमच्याबद्दल बोलायची. मशीनपेक्षा काकांचे पाय बरे म्हणायची. बसा, बसा. ती नाही हो इथे, नाशिकला असते मावशीकडे. टाइल्सच्या शोरूममध्ये लागलीय. रस्त्याचं काम आता नको म्हणते." त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला, बिस्किटं काढली. आनंदा सोफ्याच्या अगदी कडेला बसला होता. पिशवी टीपॉयवर ठेवली होती. चहा समोर आला, एक घोट घेतला, आणि त्याने कप खाली ठेवला.

"बाई, मना काय तरी सांगायचा हाय," तो म्हणाला, आणि त्याने सांगितलं. पिशवी उघडून दाखवली.

नीताबाईंनी ते तुकडे नीट पाहिले. मग त्यांनी फोन उचलला, ऋचाला लावला, स्पीकरवर टाकला. "आनंदाकाका आलेत. ते काय सांगतात ते ऐक."

आनंदाने तिसऱ्यांदा तेच सांगितलं. पहिल्यांदा साहेबाला सांगताना धीर होता; आता वाक्यं तुटत होती. पलीकडून शोरूममधली माणसं बोलत असल्याचा आवाज येत होता. मग तो आवाज कमी झाला, ती बाहेर आली असावी.

"किती खोल होता, काका?"

"एक वीत."

"म्हणजे माझी लेव्हल बरोबर होती."

"बराबर होती. मशीन बी बराबर होता, तू बी बराबर होतीस, पोरी."

"मी ते आकडे शंभर वेळा पाहिले," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "कुठेच चूक सापडत नव्हती. मी आईला म्हणत होते, हे शक्यच नाही, खाली काहीतरी आहे, मी लढणार. मग तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, काही लागलं नाही. तुमचे पाय चुकत नाहीत, काका. मग उरलं कोण? मीच उरले. त्याच संध्याकाळी लिहून दिलं."

आनंदाने तोंड उघडलं. काहीतरी म्हणायला हवं होतं, क्षमा कर म्हणायला हवं होतं, पण त्या शब्दाने काय परत येणार होतं? "मी साक्ष देतो," तो कसाबसा म्हणाला. "कुटं बी येतो. कुनासमोर बी उबा रातो."

"कुणासमोर, काका?" ऋचाने विचारलं. ती खरंच विचारत होती. तिला उत्तर हवं होतं, आणि आनंदाकडे एकही नाव नव्हतं. मग फोन बंद झाला.

नीताबाई उठल्या. त्यांनी त्याचा अर्धा राहिलेला चहाचा कप उचलून ट्रेमध्ये ठेवला.

"तुम्ही या आता," त्या म्हणाल्या.

आनंदा उठला. दारात त्याने चपला घातल्या. मागून नीताबाई आल्या आणि टीपॉयवरची पिशवी त्यांनी त्याच्या हातात दिली.

"हेही घेऊन जा."